कुत्र्याचा वाटा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आकडा होता ९.४ गुणिले ८.७ सेंटिमीटर. देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो, या कामात पंचवीस वर्षं झाली. नऊ पूर्णांक चार म्हणजे किती, हे मला पट्टी न लावता कळतं. चांगलं मोठं मोसंबं. ते माझ्या बायकोच्या लिव्हरमध्ये उजव्या अंगाला होतं. आम्ही पित्ताशयात खडे असतील असं धरून गेलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "घर में कुत्ता पाला है क्या?"

मी नाही म्हणालो. अकरा वर्षं झाली आम्हाला देवासला येऊन, आणि आमच्या फाटकाच्या आत कुत्रं आलेलं नाही. हे मी तसंच सांगितलं.

बायको म्हणाली, "धारला आहे."

"धारला आपण राहत नाही."

"मी नऊ वर्षं राहिले," ती म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून हिंदीत म्हणाली, "आँगन मैं ही झाडती थी."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाकिटामागे तीन गोल काढले. एक बकरी, एक कुत्रा, एक माणूस. कुत्र्याच्या आतड्यात एक फीतकृमी राहतो, तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत, गवतात, कुत्र्याच्या केसांत राहतात. गवताबरोबर ती बकरीच्या पोटात गेली की बकरीच्या लिव्हरमध्ये पाण्याचा फोड धरतो. ते लिव्हर कुत्र्याने कच्चं खाल्लं की फोडातले कृमी परत कुत्र्याच्या आतड्यात. बकरी ते कुत्रा आणि कुत्रा ते बकरी, असं ते चालू राहतं. माणूस त्यात चुकून सापडतो. हाताला लागलेलं अंडं तोंडात जातं आणि बकरीच्या जागी त्याच्या पोटात फोड वाढायला लागतो. दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही.

"फूट गया तो?" मी विचारलं.

"फूटना नहीं चाहिए," त्या म्हणाल्या. पोटात सांडलं तर रिअ‍ॅक्शन येऊन जीव जाऊ शकतो. वाचलं तर पोटभर नवे फोड होतात, असं त्यांनी सांगितलं.

चैत्रातल्या त्या दिवसापासून ऑपरेशनपर्यंत आमच्या घरात हीच एक गोष्ट होती. ते मोसंबं फुटता कामा नये. बायकोने जड उचलायचं नाही, स्कूटरवर मागे बसायचं नाही, खोकला आला तर पोट धरून खोकायचं. आणि मला राग काढायला एक माणूस हवा होता. तो मिळायला वेळ लागला नाही. तो धारला होता.

आमचं कुलदैवत खंडोबा. पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर धारला आले, तेव्हा देवाचे टाकही बरोबर आले, असं घरात सांगतात. खंडोबाच्या घरी कुत्रा असतोच. तो देवाचा कुत्रा. त्याला पाळीव म्हणायचं नाही, बांधायचं नाही, मारायचं नाही. एक गेला की दुसरा येतो. सध्याचा तांबडा आहे, माझ्या आठवणीतला पाचवा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा देवाला दाखवून लाकडी कोटंब्यात घालायचा, तो आधी कुत्र्यापुढे ठेवायचा, त्याने तोंड लावलं की मग घरातल्या प्रत्येकाने त्यातला चिमूटभर प्रसाद घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बोकड. तो खंडोबाला नाही, देवाच्या प्रधानाला. बोकडाच्या कलेजीतला पहिला वाटा कुत्र्याचा, कच्चा.

हे सगळं आता माझा थोरला भाऊ चालवतो. तो घरीच असतो, किराण्याचं दुकान मुलावर सोडलंय. मी त्याला त्याच दुपारी फोन केला.

"दादा, तुमच्या कुत्र्यामुळे हिच्या पोटात फोड झालाय."

तो म्हणाला, "कुत्रा देवासला आला होता का?"

"चेष्टा करू नका."

"चेष्टा तू करतोयस, भिया. कुत्रा धारला, पोट देवासला. मध्ये अख्खं इंदूर आहे."

मी त्याला तीन गोल समजावले. त्याने ऐकून घेतले. शेवटी म्हणाला, "तुझी वहिनी परवा येईल भेटायला. पैसा लागला, माणूस लागलं, सांग. पण देवाच्या कुत्र्याचं नाव काढायचं नाही. आबांनी चाळीस वर्षं केलं, त्यांना काय झालं?"

आबा म्हणजे आमचे वडील. ते त्र्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. त्यांच्या पोटात काय होतं हे कोणी पाहिलं नव्हतं, आणि मी तसं म्हणालो. दादाने फोन ठेवला.

त्यानंतर मी त्याला मेसेज पाठवायला लागलो. कुत्र्याला जंताची गोळी द्या. कलेजी उकळा किंवा पुरा. हात साबणाने धुवा. अंगणातल्या वाफ्यातली कोथिंबीर खाऊ नका, तिथे कुत्रा बसतो. घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करा. तीन गोलांचा फोटो दोनदा पाठवला. दादाची तीन उत्तरं आली: एकात हात जोडलेले, एकात सुप्रभात आणि कमळ, आणि तिसऱ्यात, "तुझं झालं का?"

माझं झालं नव्हतं. खरं सांगायचं तर मेसेज लिहिताना मला बरं वाटायचं. बायकोकडे पाहून काही करता येत नव्हतं. दादाला निदान दोषी ठरवता येत होतं.

गोळ्या सुरू झाल्या. रोज दोन, सकाळी आणि संध्याकाळी, जेवणात तूप घेऊन, म्हणजे अंगी लागतात. मी भिंतीवर कॅलेंडर लावून चौकोनात दोन रेघा मारायचो. आठ दिवसांनी बायकोने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

"गोळी मी खाते. रेघ मी मारीन."

"विसरलीस तर?"

"विसरले तर माझं लिव्हर मला आठवण करील. तुम्ही एकदा कारखान्यातून ते मोजायचं घेऊन या आणि माझ्या पोटाला लावा, म्हणजे तुमचं समाधान होईल."

तिचं माहेर हाटपिपल्याचं. देवीचं घराणं, तिकडे ना बोकड, ना कुत्रा. लग्नानंतरच्या पहिल्या षष्ठीला नव्या सुनेने देवाच्या कुत्र्याला हाताने भरवायचं असतं. तिने भरवलं. कुत्र्याने तिचा हात मनगटापर्यंत चाटला आणि सगळे हसले. मग त्याच हाताने तिने कोटंब्यातला प्रसाद घेतला. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, जणू पुरावाच सापडला होता. त्या म्हणाल्या, तेव्हाच झालं असेल असं म्हणता येत नाही. अंगण झाडताना झालं असेल, भाजीतून झालं असेल, दहा वेळा काहीच झालं नसेल आणि अकराव्यांदा झालं असेल. मला हे उत्तर आवडलं नाही. कुठल्या पाळीत कोणाच्या हातून माल बिघडला, हे सांगता आलंच पाहिजे, अशी मला सवय आहे.

ऑपरेशन श्रावणात इंदूरला झालं. तीन तास दहा मिनिटं. वहिनी माझ्याबरोबर बाकावर बसल्या होत्या. दादा खाली चहाच्या टपरीपाशी उभा होता, वर आला नाही. मी खाली गेलो नाही. सर्जननी आधीच समजावलं होतं. फोडाभोवती मिठाच्या दाट पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या रचायच्या, आतलं पाणी सुईने ओढून घ्यायचं, आतले कृमी मारायचे, मग पापुद्रा सोलून काढायचा. एक थेंब इकडेतिकडे जाता कामा नये. गेला नाही.

बाहेर येऊन त्यांनी मला एक बरणी दाखवली. मी पाहायची आहे असं म्हणालो होतो, म्हणून. आत पांढरा, मऊ, थरथरणारा पापुद्रा होता, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, आणि तळाशी बारीक वाळूसारखे कण.

माझ्या डोळ्यांनी तो आधी पाहिला होता. बरणीत नाही, परातीत.

मी चौदा वर्षांचा असताना आबांनी मला कलेजी निवडायला बसवलं. "याची नजर बारीक आहे," ते म्हणाले, आणि मला त्याचा अभिमान वाटला, दादाला ते काम दिलं नाही म्हणून जास्त. खाटीक बोकड सोलून, पोट उघडून परात भरून द्यायचा. मी कलेजीवरून बोट फिरवायचो. गुळगुळीत असली की देवाच्या पातेल्यात. कुठे पांढरा ठिपका, गाठ, पाण्याचा फोड असला की ते डागी. डागी देवाच्या प्रधानाला चालत नाही. आबांच्या वेळी फोडाएवढाच तुकडा कापून कुत्र्यापुढे टाकायचे आणि बाकीची कलेजी वापरायचे. ते मला पटलं नाही. एका ठिकाणी डाग आहे म्हणजे शेजारी नसेल कशावरून? मी नियम कडक केला. एक फोड दिसला की कलेजीचा तो अख्खा पाळा, तो सबंध भाग, कुत्र्याला. आबांनी मान डोलावली होती. तेव्हापासून माझ्याच नियमाने निवड होते. देवासला आल्यावरही, दोन वर्षं सोडली तर, दर मार्गशीर्षात मी धारला जाऊन पाटावर बसतो आणि निवडतो. दादा बोकड आणतो, पूजा करतो, खाटकाला बोलावतो. कुत्र्याला काय जायचं हे मी ठरवतो. हातानेही मीच टाकतो.

कारखान्यात मी नापास केलेल्या तुकड्यावर लाल रंग मारतो आणि तो जाळीच्या पिंजऱ्यात जातो. पिंजऱ्याला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे. नापास माल चुकून पुढे गेला तर नोकरी जाते. हा पिंजरा सुरू करायला मीच सांगितलं होतं. घरी मी नापास माल इतकी वर्षं कुत्र्यापुढे टाकत होतो, आणि हात धुऊन जेवायला बसत होतो.

घरी आल्यावर चार दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. दादाला मेसेज मात्र पाठवले. त्यातला एक फार वाईट होता. माझ्या बायकोच्या पोटावरचा टाका हा तुमच्या पूजेचा प्रसाद आहे, असं त्यात होतं.

बायको पलंगावर टेकून बसली होती. तिने माझा फोन मागितला, हाटपिपल्याला बोलायचं होतं म्हणून. मेसेज वरच उघडा होता. तिने वाचला. फोन माझ्याकडे परत दिला, माहेरी बोलली नाही.

"परात कोण धरायचं?" तिने विचारलं.

मी फोन खिशात घातला.

"नऊ वर्षं मी धरायचे. तुम्ही बोट फिरवायचात. म्हणायचात, हे नको, हे नको, हे त्याला. दादा तेव्हा देवघरात असायचे." तिने पोटावर हात धरला. टाके ओढत होते. "बरणी पाहून तुमचं तोंड कसं झालं हे जाऊबाईंनी मला सांगितलं. मला वाटलं, आता कळलं, आता फोन करतील. तुम्ही अजून त्यांनाच शिव्या देताय."

"मला माहीत नव्हतं ना तेव्हा."

"त्यांना तरी कुठे माहीत होतं?"

मी म्हणालो की आता त्याला माहीत आहे, मी सांगितलंय, तरी तो ऐकत नाही. हे खरं होतं.

"ऐकतील कसे? तुम्ही त्यांना कुत्र्याबद्दल सांगत नाही, त्यांच्यावर खटला चालवताय." मग म्हणाली, "षष्ठीला मी येणार. पुन्हा त्या कुत्र्याने कच्चं खाल्लेलं मला पाहायचं नाही. अंगण आता जाऊबाई झाडतात. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तिने उशी सारखी केली आणि आडवी झाली.

मी जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन गोळ्या आणल्या. दर दहा किलो वजनाला एक, दर तीन महिन्यांनी. गोळी दिल्यावर काही दिवस कुत्र्याची विष्ठा हातमोजे घालून गोळा करायची आणि जाळायची. डॉक्टरांनी कुत्र्याचं वजन विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. हे वाक्य मी फार वेळा म्हणत नाही. एक वजनकाटाही बरोबर घेतला.

षष्ठीच्या आदल्या दिवशी आम्ही धारला पोचलो. दादाने दार उघडलं, बायकोकडे पाहून म्हणाला, "ये बाळ, बस. वाळली आहेस," आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. काटा माझ्या हातात होता. "हे काय, मला तोलायला आलास?"

"कुत्र्याला."

"देवाला तोलतो का कोणी?"

वहिनी आतून म्हणाल्या, "तुलादान असतंच की." दादाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्या परत आत गेल्या.

षष्ठीला सगळं रीतसर झालं. भंडारा उधळला, तळी उचलली, येळकोट झाला. कोटंबा तांबड्यापुढे ठेवला, त्याने भरीत चाटलं. दादाने पहिला चिमूट घेतला, मग वहिनींनी, मग पुतण्याने. मग कोटंबा बायकोपुढे आला. तिने हात जोडले आणि घेतला नाही.

"प्रसाद आहे," दादा म्हणाला.

"माहीत आहे, दादा. माझ्या पोटातला नुकताच काढलाय."

दादाचा चेहरा लाल झाला. पण तिला तो काही बोलला नाही, माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तू शिकवलंस."

मी म्हणालो, नाही. त्याला खरं वाटलं नाही. मी पण चिमूट घेतला नाही, त्यामुळे खरं वाटायला जागाही राहिली नाही. त्या दिवशी जेवताना दादाने माझं पान समोर न मांडता भिंतीकडे तोंड करून मांडायला सांगितलं. वहिनींनी ते ऐकलं नाही असं दाखवून समोरच मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड आला. अमझेऱ्याच्या हाटातला, काळा, कपाळावर पांढरा ठिपका. खाटीक दरवर्षीचाच, मालवी बोलणारा म्हातारा. त्याने सोलून, पोट उघडून परात भरली आणि पाटापुढे ठेवली. "लो बाबूजी," तो म्हणाला, "इमें दो फोड़ा हे. थें देखो."

दादा देवघरातून बाहेर आला. सोवळं नेसलेलं. "ये, इन्स्पेक्टर," तो म्हणाला. "इतके मेसेज केलेस. आता कर तुझं काम. तुझ्याशिवाय इथे कोणाला डाग दिसत नाही."

मी पाटावर बसलो. बोट फिरवायची गरजच नव्हती, दोन्ही फोड वरच होते, एक बोराएवढा, एक आवळ्याएवढा, पांढरट, आतून पाणी दिसणारे. बायको ओट्यावर बसली होती. वहिनी दारात. दादा उभा.

तेवढ्यात तांबडा उठला. तो दादाजवळ बसला होता, देवघराच्या पायरीशी. तो उठला, अंगण ओलांडून आला, दादाच्या पायांवरून वास घेत पुढे गेला आणि माझ्या उजव्या हाताशी येऊन बसला. तोंड वर करून. जिभेवरून पाणी गळत होतं. वर्षातून दोन दिवस मी या घरी येतो. त्याला माझा हात माहीत होता.

ते सगळ्यांनी पाहिलं.

मी परात उचलून मांडीवर घेतली. कुत्र्याने तोंड पुढे केलं तेव्हा कोपराने अडवलं. मग मी दादाला सांगितलं. काय काय सांगितलं ते सगळं इथे लिहीत नाही, ते मी वर लिहिलंच आहे. आबा बोकडाच्या कलेजीतला फोडाएवढाच तुकडा टाकायचे, अख्खा पाळा टाकायचा नियम माझा. एवढी वर्षं मी टाकतो. मला आठवतात त्यांत नऊ वेळा फोड होते, जास्तही असतील. तुम्ही कधीच टाकलं नाही. बरणी पाहून मला कळलं, तरी मी तुम्हाला लिहीत राहिलो.

दादाने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे तूच."

"हो."

"आणि आठ महिने मी पापी."

"हो."

"मेसेज किती केलेस?"

"एकेचाळीस," मी म्हणालो.

"मोजलेसही." तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मी प्रत्येक वाचला. तुला वाटत होतं मी कमळं पाठवतोय. माझ्या बायकोला दाखवायचे नाहीत म्हणून मी फोन उशीखाली ठेवून झोपायचो. तो टाक्यांचा मेसेज वाचला तेव्हा मी दोन दिवस देवघरात गेलो नाही." त्याने सोवळ्याचा काठ सारखा केला. "हे तू आत्ता सांगतोस. बरणी श्रावणात पाहिलीस."

मी परातीतल्या फोडांकडे पाहिलं.

वहिनी दारातून म्हणाल्या, "मला पण ती सोनोग्राफी करायची आहे."

दादा वळला. "तुला काय झालंय?"

"काही नाही. पण तिच्यामागे अंगण अकरा वर्षं मीच झाडते."

दादाने परातीकडे पाहिलं. मग वहिनींना म्हणाला, "फावडं कुठे आहे?" आणि मला म्हणाला, "किती खोल?"

"तीन फूट तरी. वर दगड. कुत्र्याला उकरता येऊ नये."

खड्डा मी खणला. दादाने हात लावला नाही, सोवळ्याचं कारण सांगून. पण शेवटपर्यंत उभा राहून पाहत होता, आणि दर थोड्या वेळाने म्हणत होता, "मोज." मी फावड्याचा दांडा लावून मोजत होतो. मला माहीत होतं तो मला छळतोय. कलेजी अख्खी टाकली, फुप्फुसांसकट, माती लोटली, वर घरामागे पडलेल्या जात्याचा खालचा दगड ठेवला. बाकीचं मटण पातेल्यात गेलं. प्रधानाला त्या वर्षी कलेजी मिळाली नाही. कुत्र्याला भाकरी आणि शिजवलेल्या मटणाचा तुकडा. त्याने त्याचा वास घेतला, तो सोडला आणि त्या दगडावर जाऊन बसला.

वजन दादानेच केलं. कुत्रा काट्यावर एकटा उभा राहीना, म्हणून कोणीतरी त्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मी म्हणालो, मी उचलतो. दादा म्हणाला, "तुझ्याकडे आता तो येणार नाही, खायला काही दिलं नाहीस." त्याने उचलला. काटा ९९.३ दाखवत होता. मग कुत्रा खाली ठेवून तो एकटा काट्यावर चढला आणि मान खाली घालून आकडा हाताने झाकला.

"दादा, आकडा लागेल."

"तुला सांगायचा नाही."

बायको ओट्यावरून म्हणाली, "दादा, मला सांगा. मी कोणाला सांगणार नाही." त्याने जाऊन तिच्या कानात सांगितला. तिने बोटांवर हिशेब केला आणि मला म्हणाली, "साडेसतरा. दोन गोळ्या." मग माझ्याकडे पाहून हसली, पहिल्यांदा, चैत्रापासून. गोळ्या वहिनींनी रोडग्याच्या गोळ्यात लपवून भरवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दादा दारापर्यंत आला नाही. वहिनींची सोनोग्राफी झाली, लिव्हर स्वच्छ आहे. दादाने स्वतःची अजून केलेली नाही. आबांचंच उदाहरण देतो. बायकोच्या गोळ्या आता संपल्या. दर सहा महिन्यांनी तिची सोनोग्राफी होते, आतापर्यंत काही नाही. कॅलेंडरवर रेघा तिच्याच हातच्या आहेत.

दादा माझ्याशी बोलत नाही. सगळ्या नातेवाइकांना त्याने सांगितलंय की लिव्हर मी निवडायचो. ते खरं आहे, म्हणून मी काही म्हणत नाही. पण दर तीन महिन्यांनी त्याचा एक मेसेज येतो. नमस्कार नाही, कमळ नाही, फक्त एक आकडा. परवा आला: १७.८.

मी लिहिलं: दोन.